शेंदराखालचा नंबर

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे ट्रॅक्टर चालू करणं. मी हँडल मारलं, तिनं खटका सोडला.

हे आधी नीट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचा ट्रॅक्टर लई जुना. कधीकाळी लाल होता. आता त्याला कोणता रंग म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. किल्ली फिरवून चालू होण्याचे त्याचे दिवस केव्हाच सरले. समोरून लोखंडी हँडल घालायचं आणि माणसानं ते फिरवायचं. पण इंजिनाच्या पोटात दाब असतो, नुसत्या जोरानं ते फिरत नाही. म्हणून इंजिनाच्या डोक्यावर एक खटका आहे. तो उचलून धरला की दाब सुटतो आणि हँडल हलकं फिरायला लागतं. हँडलनं वेग घेतला की नेमक्या घडीला तो खटका सोडायचा. लवकर सोडला तर हँडल उलटं येतं आणि मनगट मोडतं. उशीर केला तर फिरवणाऱ्याचा दम जातो आणि इंजिन गप्पच राहतं. म्हणजे काम दोघांचं. हँडल माझं, खटका तिचा.

वैशाख होता. ऊन चढायच्या आत खालच्या तुकड्याची नांगरट उरकायची होती. तिनं पदर कमरेला खोचला, बॉनेटशेजारी उभी राहिली आणि खटका उचलून धरला. मी तिला कधी "सोड" म्हणालो नाही. म्हणावं लागतच नव्हतं. तिला कसं कळायचं ते मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. इंजिन लागलं, पण खोकत लागलं. निम्मा तुकडा झाला असेल, मागनं पांढरा धूर निघायला लागला. मी बंद केलं. तिनं ऑईल बघायची पट्टी काढून बोटावर पुसली. ऑईल दुधाच्या चहासारखं झालं होतं.

"आवो, ह्याच्या पोटात पाणी शिरलंय," ती म्हणाली. "दाखवा कुणाला तरी. नुसतं दामटू नका."

"उद्या दाखवतो."

"तुमचा उद्या मला ठाऊक हाये."

घरी आलो, भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जरा पडते म्हणाली आणि उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. एवढंच आहे ते. ह्याच्यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही आणि कुणी विचारू पण नये.

ट्रॅक्टर ओढून पत्र्याखाली लावला तो तिथंच राहिला. पाऊस आला, गेला. नांगरलेलं होतं तेवढं शेजाऱ्यानं बैलानं पेरून दिलं. मी भाकरी करायला शिकलो. पहिल्या भाकरी कुत्र्यानं पण नाकारल्या, नंतरच्या त्यानं खाल्ल्या, मग मी पण खायला लागलो.

माझा मुलगा बजाजनगरला राहतो, वाळूजच्या एका कंपनीत कामाला आहे. पोरगं चांगलं आहे. दर सुट्टीला यायचं आणि एकच गोष्ट सांगायचं.

"आबा, चला तिकडं. एकट्यानं काय करताय हितं?"

"तिकडं काय करू?"

"काय करायचं? आराम करायचा. खाली बगीचा हाये, म्हातारी माणसं बसतात."

"बसून काय करतात?"

"बसतात."

"मग हितं पण बसतोच की."

गणपतीत आला तेव्हा मात्र त्यानं सगळं ठरवून आणलं होतं. शेत बटाईनं द्यायचं, घराला कुलूप लावायचं, मी बजाजनगरला जायचं आणि ट्रॅक्टर भंगारात द्यायचा. नारेगावच्या एका भंगारवाल्याशी बोलणं पण झालं होतं. मला राग आला, पण त्याच्या तोंडाकडं बघितलं तर तो भांडायला आलाच नव्हता. त्याला माझ्यासाठी भीती वाटत होती. आई गेली तसा एक दिवस बाप पण दुपारी पडेल आणि कुणाला कळणार नाही, ही भीती.

मी म्हणालो, "ट्रॅक्टर चालू झाला तर मी हितं राहणार. माझं शेत मी करणार. नाही झाला तर तू म्हणशील तिथं येतो, बगीच्यात बसतो."

"कधीपर्यंत?"

"दसऱ्यापर्यंत."

"शब्द?"

"शब्द."

मी शब्द दिला आणि मग ट्रॅक्टरकडं बघितलं, तेव्हा जरा घाम फुटला.

मुकुंदवाडीला स्टेशनाच्या बाजूला एक मिस्त्री आहे. जुन्या ट्रॅक्टरांचा माणूस. वय माझ्याएवढंच, गुडघे माझ्यापेक्षा वाईट. त्याला गाडीवर बसवून आणलं. त्यानं ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली, आणि म्हणाला, "पाटील, टेन्शन नको लेव. गॅस्केट गया है, दूसरा कुछ नै. ये मॉडेल मैं आंखां बंद करके खोल सकता."

"डोळे उघडे ठेवून खोला, उस्ताद," मी म्हणालो.

त्यानं इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, उतरवलं. गॅस्केट जळलेलं होतंच. हेडला पण केसासारखी चीर गेली होती, तिथनं पाणी आत जायचं. आतल्या पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. मिस्त्रीनं ट्रॅक्टरच्या कागदावरचं मॉडेल बघितलं आणि मोंढ्यातल्या स्पेअर पार्टच्या दुकानातनं गॅस्केट आणलं. गॅस्केट म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक ह्यांच्या मधे बसणारा पातळ पत्रा, त्याला पाण्याची, ऑईलची, बोल्टांची भोकं पाडलेली असतात. ते ठेवलं तर निम्मी भोकं एकावर एक आली आणि निम्मी आलीच नाहीत.

मिस्त्रीनं ते उलटं करून ठेवलं. मग परत सुलटं केलं.

"डोळे उघडा आता," मी म्हणालो.

तो हसला नाही. उकिडवा बसला आणि म्हणाला, "ये इंजन इस ट्रॅक्टर का है ही नै."

मी म्हणालो, कसं शक्य आहे, मी तीस पावसाळे हाच ट्रॅक्टर चालवतो. तो म्हणाला, तुम्ही चालवता तोच आहे, पण तुम्ही घ्यायच्या आधीच कुणीतरी त्याचं काळीज बदललं. अंग एकाचं, इंजिन दुसऱ्याचं. ज्याच्याकडनं मी घेतला तो माणूस कधीच वारला, त्याला विचारायची सोय नव्हती. इंजिनावर कंपनीची पत्र्याची पाटी असते, तिथं चार रिकामी भोकं होती.

आता इंजिन कुणाचं ते कळल्याशिवाय पार्ट मिळणार नाही, आणि दुकानदाराला नंबर पाहिजे. मोंढ्यातल्या दुकानात मी स्वतः गेलो. दुकानदार तरुण होता, बोलायला गोड.

"काका, नंबर सांगा, दुनियेत कुठं असंल तिथनं मागवतो."

"नंबर असता तर तुझ्याकडं कशाला आलो असतो?"

"मग नंबर कुठं मिळंल?"

"ते मी तुला विचारतोय."

मिस्त्रीनं मोबाईलवर इंजिनाचे फोटो काढले आणि कुठल्याशा ग्रुपवर टाकले. तिथं सगळ्या हिंदुस्थानातले जुने मिस्त्री असतात म्हणे. संध्याकाळपर्यंत उत्तरं आली. एक म्हणाला रशियाचं, एक म्हणाला पोलंडचं, एक म्हणाला सुप्रभात. मिस्त्रीनं टेपानं माप घेतलं, एका जुन्या इंजिनाशी जुळतं म्हणाला आणि रिंगा आणल्या. त्या केसभर मोठ्या निघाल्या. ते काम त्याच्या हातनं फसल्यावर तो दोन-तीन दिवस माझा फोन उचलत नव्हता. मग आपणहून आला, मुकाट्यानं कंदील घेऊन इंजिनाच्या खाली शिरला. लोखंड ओततानाच त्यात नंबर उठवलेला असतो, तो कुठंतरी असणारच, असं त्याचं म्हणणं. खालनं बघितलं, मागनं बघितलं, घासलं. गंज आणि वंगण, दुसरं काही नाही.

मग तो उजव्या बाजूला आला आणि थांबला.

"पाटील, ये क्या है?"

तो शेंदूर होता. इंजिनाच्या उजव्या बाजूला बशीएवढी एक सपाट जागा आहे, सगळ्या इंजिनावर तेवढीच सपाट. दर खंडेनवमीला औजारांची पूजा असते, तेव्हा आमची बाई तेलात शेंदूर कालवून तिथं लावायची. लोक हळदीकुंकू लावतात, फार तर गंध. ही शेंदूर लावायची, मारुतीला लावतात तसा. पहिल्या वर्षी मी म्हणालो, अगं, हा ट्रॅक्टर आहे, देव नाही. ती म्हणाली, हळद पहिल्या धुण्यात जाती, शेंदूर टिकतो. दर वर्षी जुन्यावर नवा थर. त्यावर धूळ, धूर, परत शेंदूर. आता तो अंगठ्याएवढा जाड झाला होता, दगडासारखा. आणि सगळ्यात वरच्या थरावर तिची दोन बोटं उमटलेली होती, शेवटी निपटताना वरनं खाली ओढलेली.

मिस्त्रीनं पिशवीतनं स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोडी काढली.

"नंबर इसके नीचे है."

"राहू द्या," मी म्हणालो.

"अरे, दो मिनट का काम है. खुरच देता."

"हात लावायचा नाही तिथं."

"पाटील, दसरे को कितने दिन हैं? तुम्हारेकू इंजन चलाना है की नै?"

मी तिथं मधे उभा राहिलो. दोन म्हातारे एका ट्रॅक्टरसाठी छातीला छाती लावून. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग त्या बोटांकडं. त्याला कळलं असावं, पण कळलं म्हणून त्याचं काम होत नव्हतं.

"तो फिर पूजा करो," तो म्हणाला आणि गाडीची वाट न बघता पायीच सडकेकडं निघाला. त्या गुडघ्यांनी.

ते दिवस वाईट गेले. मी कुणालाच काही सांगितलं नाही. मुलगा फोनवर विचारायचा, "आबा, काय म्हणतोय ट्रॅक्टर?" मी म्हणायचो, "काय म्हणणार, गप हाये." मी पत्र्याखाली जाऊन बसायचो. बोटं राखावी तर ट्रॅक्टर जातो, आणि ट्रॅक्टर गेला की बोटं पण त्याच्याबरोबर भंगारात जातात. हे मला कळत होतं. तरी हात उचलत नव्हता. घरात तिची लुगडी होती, भांडी होती, फोटो होता. पण फोटो फोटोवाल्यानं काढला. ही बोटं तिनं स्वतः काढलेली.

एक दिवस भाकरी करत होतो. भाकरी तव्याला चिकटली होती, मी उलथन्यानं जोर करायला गेलो तर फाटली. मग आठवलं, ती कधी जोर करत नसे. म्हणायची, तापू द्या, कड सोडली की आपोआप येती. तसंच केलं. दुसरी भाकरी अख्खी सुटली. आणि हातात उलथनं असतानाच मला आमच्या गावचा मारुती आठवला.

पुष्कळ वर्षं झाली त्याला. आमच्या गावच्या मारुतीच्या अंगावर पिढ्यानुपिढ्यांचा शेंदूर बसलेला. तोंड कुठं, गदा कुठं, काही कळत नव्हतं, नुसता केशरी गोळा. एका उन्हाळ्यात, ऊन नुसतं पेटलेलं, सगळा शेंदूर एका झटक्यात अंगावरनं सुटून पडला. देवानं खोळ सोडली म्हणतात त्याला. गावात पळापळ झाली. कुणी म्हणालं दुष्काळ येणार, कुणी म्हणालं कुणीतरी पाप केलं. आमची बाई भाकरी टाकून बघायला गेली. आली ती हसतच.

"काय झालं?" मी म्हणालो.

"काय व्हायचं? अंगावरचं जड झालं, उतरवलं देवानं. खाली नाक-डोळे किती छान हायेत म्हणून सांगू. आजवर कुणी बघितलेच नव्हते."

गावानं ती खोळ वाजत-गाजत नेऊन नदीला सोडली आणि मारुतीला नवा शेंदूर लावला. रांगेत पहिली हीच होती.

मी तवा उतरवला. चूल तशीच ठेवून त्यावर पाणी चढवलं.

गोणपाटाचा तुकडा उकळत्या पाण्यात बुडवायचा, पिळायचा आणि त्या सपाट जागेवर दाबून धरायचा. गार झाला की परत बुडवायचा. सकाळ गेली त्यात. बोटं भाजली माझी. मी खुरचलं नाही, ठोकलं नाही. शेवटी एका कडेला केसभर फट दिसली. तिथं उलथनं हलकंच घातलं, जोर न करता, नुसतं ठेवलं. भाकरीसारखीच कड सुटत गेली आणि खोळ अख्खी माझ्या तळहातावर आली. तुटली नाही. वरची बोटं जशीच्या तशी.

खाली लोखंड इतकं स्वच्छ होतं, जसं कालच ओतलं. बाकीचं इंजिन गंजानं खाल्लं होतं आणि तेवढीच जागा तेलाच्या शेंदरानं राखलेली. तिथं दोन इंग्रजी अक्षरं आणि पुढं आकडे फुगून उठले होते. मी खोळ उलटी केली तर तिच्या पोटात पण तेच आकडे, उलटे, खोलगट, साच्यात उठावे तसे. एवढी वर्षं ती त्या नंबरवरच शेंदूर लावत होती.

मी तिथंच मातीत बसलो. रडलो असं कुणी म्हणू नये. बसलो आणि छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला.

मिस्त्रीला फोन लावला.

"उस्ताद, पूजा झाली. या."

तो आला, चष्मा पुसून नंबर वाचला, आणि आधी खो खो हसला. "हौ पाटील, ये तो जनरेटर का है. इसका बाप भी खेत में नै गया कभी."

मग त्यानं समजावून सांगितलं. त्या कंपनीनं ही इंजिनं बर्फाच्या कारखान्यांत, टॉकीजांत, मोठमोठ्या जनरेटरांना लावायला बनवली होती. असलं एक इंजिन कुणीतरी आमच्या ट्रॅक्टरमध्ये बसवलं. मी मनात म्हणालो, बसवलं तर बसवलं, नांगरत तर होतं.

नंबर मिळाल्यावर मोंढ्यातल्या त्या गोड बोलणाऱ्या पोराचं तोंडच बदललं. संगणकावर बघून म्हणाला, काका, हे इंजिन बनायचं बंद झालंय, पण माप सापडलं. गॅस्केट आणि रिंगा त्यानं राजकोटहून मागवल्या. हेड मात्र नवं कुठंच नव्हतं. ते जुन्या जनरेटरचंच शोधावं लागणार होतं, आणि जुने जनरेटर एकाच ठिकाणी जातात.

नारेगावच्या भंगारात आम्ही दोघं म्हातारे फिरत होतो. एका मोठ्या वाड्यात, गंजलेल्या गजांच्या मागं, मिस्त्रीला एक जनरेटर दिसला. एका बंद पडलेल्या टॉकीजचा. मिस्त्रीनं फडक्यानं पुसलं, तीच अक्षरं, आकडे पण तेच. त्या टॉकीजमध्ये तुम्ही नवरा-बायकोनं सिनेमा बघितला असेल, असं नंतर कुणीतरी मला म्हणालं. नाय. आम्ही शहरात बी-बियाणं घ्यायला यायचो आणि शेवटच्या बसनं परत जायचो.

भंगारवाला म्हणाला, उघडून देत नाही, अख्खा न्या.

"मला नुसतं वरचं हेड पाहिजे," मी म्हणालो. "ट्रॅक्टरला."

"कोणता ट्रॅक्टर?"

मी सांगितलं. त्यानं डोळे बारीक केले.

"कोणत्या गावचा?"

मी गाव सांगितलं.

"अरे तिच्या! तुमच्या गावातल्या एका म्हाताऱ्याचा ट्रॅक्टर मी दसऱ्यानंतर उचलणार हाये. त्याच्या पोराशी बोलणं झालंय माझं."

"तो म्हातारा मीच."

तो दात काढून म्हणाला, "मग काका, कशाला हेड नेता? दसऱ्यानंतर दोन्ही इंजिनं हितंच भेटतील एकमेकांना."

मिस्त्री हसला. मी नाय. पण मी पैज लावली. म्हणालो, हेड उतरवू दे. ट्रॅक्टर चालू झाला तर तुझ्या दारावरनं चालवत नेतो. नाही झाला तर हेडासकट तुलाच मिळणार आहे, तुझं काय जातंय? त्यानं विचार केला आणि पाना स्वतःच आणून दिला.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी इंजिन बांधून झालं. मुलगा सुट्टी काढून आला होता. शब्दाची मुदत दोन दिवसांवर आली होती. मिस्त्रीनं नवं ऑईल ओतलं, डिझेलच्या नळ्यांतली हवा काढली आणि गुडघे धरून ओट्यावर बसला. म्हणाला, माझं काम संपलं, हँडल मारणं माझ्या वयाला शोभत नाही. मी म्हणालो, माझ्या तरी कुठं शोभतंय. पण हँडल मीच घेतलं. खटक्यापाशी मुलगा उभा राहिला, तिच्या जागेवर.

पहिल्यांदा त्यानं खटका लवकर सोडला. हँडल उलटं आलं, मी हात काढून घेतला म्हणून वाचलो.

"डोळे फुटले का?" मी ओरडलो.

"तुम्ही सांगा ना 'सोड' म्हणून."

"सांगायचं कशाला? कळलं पाहिजे."

"कसं कळणार?"

"तुझ्या मायला कळायचं."

दुसऱ्यांदा मी "सोड" म्हणालो. माझं म्हणून होईपर्यंत घडी गेलेली. तिसऱ्यांदा पण तसंच. माझा दम संपला, हँडलवर डोकं टेकून उभा राहिलो. मला बगीच्यातली म्हातारी माणसं दिसायला लागली.

मुलगा खटका धरून उभाच होता. मग म्हणाला, "आबा, माय तुमच्या खांद्याकडं बघायची."

"काय?"

"मी लहान असताना इथं ओट्यावर बसायचो. माय कधी हँडलकडं बघायची नाही. तुमच्या उजव्या खांद्याकडं बघायची. तुमचा खांदा खाली पडला की ती सोडायची."

एवढी वर्षं मी हँडलकडं बघत होतो आणि ती माझ्याकडं.

"मग बघ," मी म्हणालो.

परत हँडल धरलं. फिरवलं, एकदा, दोनदा, वेग आला. मी काही म्हणालो नाही. खटका पडल्याचा आवाज आला आणि त्याच्या मागोमाग इंजिनाचा. आधी एक ठोका, मग दुसरा, मग सगळे. नळीतनं काळा धूर निघाला, मग निळा, मग काहीच नाही. पत्र्यावरची कबुतरं उडाली. मिस्त्री उठला, कान लावून ऐकलं आणि माझ्या पाठीत एक बुक्की मारली. पोरगं हसत होतं आणि डोळे पुसत होतं. मी त्याला म्हणालो, "धूर गेला का डोळ्यात?" तो म्हणाला, "व्हय."

नंतर बंद करून तिघं चहा प्यायलो. मुलगा म्हणाला, "आबा, राहा तुम्ही हितं. पण रोज फोन करायचा. सकाळी." मी म्हणालो, करतो. एवढं मी पण मान्य केलं पाहिजे. मग त्यानं खोळ बघितली, देवळीत ठेवलेली, आणि म्हणाला काचेत घालू, फ्रेम करू. मी म्हणालो, नाय. धरणाचा कालवा सुटला की पाण्यात सोडायची. गावानं मारुतीची सोडली तशी. त्या दिवशी जेवून जो झोपलो तो थेट उजाडल्यावर उठलो. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खंडेनवमी होती. शेजारची काकू कुंपणावरनं म्हणाली, वरीस झालं नाही अजून, सण करायचा नसतो. मी म्हणालो, सण करत नाय, पुरण घातलेलं नाय, हे कामच आहे. वाटीत शेंदूर घेतला, तेल घातलं, जरा जास्तच पडलं. नंबरवर बरोबर लावला आणि दोन बोटं वरनं खाली ओढली. माझी बोटं जाड, तिच्यासारखं रेखीव आलं नाही. ओघळ आला तो पुसला.

मग मुलाला हाक मारली. निम्मा तुकडा वैशाखापासून तसाच पडून होता. तण कमरेएवढं झालेलं. पोरगं डोळे चोळत आलं आणि सवयीनं खटक्याकडं निघालं.

"तिकडं नको," मी म्हणालो. "तू हँडल घे."

त्यानं हँडल घातलं. मी बॉनेटशेजारी उभा राहिलो, खटका उचलून धरला, आणि त्याच्या उजव्या खांद्याकडं बघायला लागलो.